दिवा चालू, दार बंद

आमची कंपनी शीतगृहांच्या दारांचे कंट्रोलर बनवते. प्रोग्राम आमचे वरिष्ठ, म्हणजे सर, लिहायचे, तपासणी माझ्याकडे. सरांचा मॅक्रोवर, म्हणजे एका नावाखाली साठवलेल्या प्रोग्रामच्या ओळींवर, भारी जीव. "सर, इथे इनलाइन फंक्शन घालू या का?" मी एकदा विचारलं होतं.

"मॅक्रो फास्ट असतो," ते म्हणाले. विषय संपला. रत्नागिरीत या कामाची दुसरी कंपनी नव्हती आणि आजारी आईला सोडून पुण्याला जाणं मला जमणारं नव्हतं. म्हणून मी मॅक्रोच तपासत राहिले.

मग मिरकरवाडा बंदराजवळच्या एका शीतगृहात नवा कंट्रोलर बसवला. सर बाहेर पॅनलपाशी. आत, माशांच्या क्रेट्समध्ये, मी आणि तिथले म्हातारे ऑपरेटर, ज्यांना सगळेच चाचा म्हणत. दार ओढलं आणि कुलूप खट्कन लागलं. आत माणसं असताना ते लागायलाच नको होतं. आतून उघडायचा दांडा बर्फाने गच्च बसलेला. मोबाइलला रेंज नाही.

"घाबरू नको, बाय. हात चोळत र्‍हा," चाचा म्हणाले. त्यांचेच ओठ थरथरत होते.

मी दार बडवलं. बाहेरून सरांचा आवाज पुसट आला, "रीस्टार्ट करतो." दार क्षणभर सैल झालं आणि आम्ही ढकलायच्या आत पुन्हा खट्.

वर पाहिलं तर दिवा चालू. सेन्सरला खोली रिकामी दिसली तरच दिवा बंद करून कुलूप लावायचं, अशी अट होती. दोन्ही कामं एका मॅक्रोत होती. मॅक्रो म्हणजे नुसता मजकूर. प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणार्‍या कंपायलरपुढे जाण्याआधीच तो जसाच्या तसा चिकटवला जातो. दोन्ही कामांना एकत्र बांधणारे कंस नव्हते, म्हणून अट फक्त पहिल्या कामाला, दिव्याला लागली. कुलूप अटीतून सुटलं होतं. ते दर वेळी लागणारच. फंक्शन म्हणजे अनेक कामांचा एकच बांधलेला आदेश; ते असतं तर दोन्ही कामं एकत्र झाली असती, नाहीतर एकही नाही.

"सर, रीस्टार्ट नको! मेन स्विच पाडा!" मी घसा फाडून ओरडले. तिसर्‍या हाकेला त्यांना ऐकू गेलं. अंधार झाला, वीज असेपर्यंतच धरून राहणारं कुलूप सुटलं.

बाहेर चाचा उन्हात हात चोळत बसले. "कंस घातले की झालं," सर म्हणाले.

"उद्या दुसरं कुणी विसरेल, सर. इनलाइन फंक्शनही कंपायलर जागच्या जागी बसवतो, ते तितकंच फास्ट चालेल."

त्यांनी होकारार्थी मान हलवली, पण तेवढ्या एकाच मॅक्रोपुरती. बाकीच्या फायलींमधल्या मॅक्रोंना हात लावायला मला अजून परवानगी नाही. सोमवारी दुसर्‍या शीतगृहात तपासणी आहे, आणि आत मलाच जायचं आहे.