खंगली म्हणे

माझी आत्या सुदुंबऱ्याला मुलाकडे राहायची. फोन केला की तिचा मुलगा एकच सांगायचा, "लय खंगली म्हातारी. वय झालं आता." मी तळेगावच्या शाळेत मराठी शिकवते. खंगणे म्हणजे हळूहळू क्षीण होणे, असं फळ्यावर लिहून दिलेलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो अर्थ डोळ्यांनी बघायला गेले.

आत्या पडवीत खाटेवर बसली होती. गालफडं बसलेली, ब्लाउज खांद्यावरून उतरलेला. सुनेनं तिच्यापुढे पोहे ठेवले आणि जरा वेळानं तसेच उचलून म्हशीच्या घमेल्यात ओतले. "खातच न्हाईत," ती मला म्हणाली. तेवढ्यात शेजारच्या दोघी भेटायला आल्या. चहा पिता पिता त्यांनी आत्याचा दंड चिमटीत धरून एकमेकींना दाखवला, बाजारात कोंबडी चाचपतात तसा. "पार खंगली की." मला शिसारी आली.

त्या गेल्यावर मी आत्याला खेटून बसले, तर तिच्या तोंडाला कुजका वास.

"आत्या, कवळी काढ बघू."

"निघत न्हाई गं. दुखतं."

मी बोट घालून हळूहळू सैल केली. खाली हिरड्या सोलून निघालेल्या, त्यावर पांढरे फोड, कडेला सडलेलं अन्न. मी कवळी वाटीत काढून ठेवली.

"मुलाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. तो म्हनला, या वयात मानूस खंगतंच."

सगळे खंगली म्हणत होते. कुणी खंगवली, असं कुणी म्हणत नव्हतं.

मुलगा आल्यावर मी विचारलं, "भाऊ, तिच्या तोंडात कधी बघितलंस?"

त्यानं तोंड वाकडं केलं. "म्हाताऱ्या मानसाच्या तोंडात काय बघायचं? घाण वाटती."

त्याच संध्याकाळी मी आत्याला रिक्षात घालून तळेगावला माझ्या घरी आणलं. दाताच्या डॉक्टरांनी औषध दिलं, हिरड्या भरल्यावर नवी कवळी बसवली. सुरुवातीला पेज, मग मऊ भात. पुढं ती भाकरी कुस्करून खाऊ लागली आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरूही लागली.

संक्रांतीला मुलगा आला. आईकडे बघून म्हणाला, "सुधारली की. म्हातारपनी असं खालीवर व्हतंच."

"मी हितंच ऱ्हानार हाय," आत्या म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान पसरलं. लपवायचंही त्याला सुचलं नाही. त्यानं तिळाचा लाडू तोंडात टाकला, आणि मी उठून आत गेले.