उतरणे : एक अपुरी चिठ्ठी

बोलणाऱ्याचं नाव-गाव चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय वाघमारे सर कुठलाही शब्द घेत नसत. नांदेडच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यावर ते जिल्ह्याच्या बोलीचा कोश करत होते. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. माझ्या सहा उन्हाळी सुट्ट्या त्या कोशाने खाल्ल्या.

काम 'उतरणे'पाशी येऊन अडलं. ताप उतरला, भाव उतरला, पोराची दृष्ट उतरली, सगळं होतं. किनवटच्या गाडीत एक म्हातारी म्हणाली, "पुराचं पाणी उतरलं, पण भितीतली ओल काई उतरंना." सर तिचं नाव विचारत भलत्याच स्टेशनावर उतरले आणि मी पिशव्या सांभाळत एकटी पुढे गेले.

'मनातून उतरणे' मात्र त्यांना कुणाच्या तोंडून ऐकायला मिळेना. अनोळखी माणसाला असलं कोण सांगणार? मी म्हणाले, मीच एक वाक्य तयार करते. त्यांचं ठरलेलं उत्तर आलं, "बनवलेलं वाक्य नको. शब्दामागं माणूस उभा पाहिजे."

त्या एका अर्थापायी त्यांनी छापखान्याची शेवटची मुदतही घालवली. तब्येत ढासळत होती. पुस्तक त्यांनी डोळ्यांनी पाहावं, एवढंच मला हवं होतं. एका दुपारी माझा तोल गेला.

"सर, आज तुम्ही माझ्या मनातून उतरलात."

सरांनी शांतपणे खिशातून कोरी चिठ्ठी काढली, वाक्य लिहून घेतलं आणि विचारलं, "तू हिमायतनगरचीच न्हाई का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. उत्तर न देता मी निघून आले, ती परत गेलेच नाही. छापखान्यातून कळायचं, सर म्हणतात अजून एक चिठ्ठी अपुरी आहे. मी आणखीच चिडायचे. आता तर वाक्य मिळालं होतं ना!

मार्चमध्ये सर गेले. त्यांच्या मुलीने चिठ्ठ्यांचा खोका माझ्याकडे आणून दिला. ती चिठ्ठी सगळ्यात वर होती. माझं वाक्य जसंच्या तसं, गाव हिमायतनगर, आणि नावाची जागा कोरी. वीस वर्षं ज्या नावाने हाक मारली, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. का, हे आता कुणाला विचारू? अजूनही रागच येतो, त्यांचा आणि माझा.

पुस्तक तर पुरं करायचं होतं. मी पेन घेतलं आणि नाव लिहिलं. मग 'हे खरं नव्हतं' असं लिहायला गेले, तर चिठ्ठीवर त्यासाठी रकानाच नव्हता.