हरणांसाठी मेंढ्या बसवणारे माझे दादा

काल सकाळी चहा पिता पिता मी अशी काही ओरडले की सूनबाई किचनमधून पळत आली! झालं काही नव्हतं… मोबाइलवर एक बातमी वाचत होते. कुठल्याशा कोरड्या माळावर रानातल्या हरणांना चारा मिळावा म्हणून खत टाकतायत, आणि त्याला ‘नवा प्रयोग’ म्हणतायत.

नवा कसला डोंबलाचा! हे माझ्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, मध्य भारत राज्य होतं तेव्हाच करून दाखवलंय. इथेच, उज्जैनजवळ… आणि नऊ वर्षांची मी सायकलच्या दांडीवर बसून ते बघायला हजर होते.

दादा जंगल खात्यात कारकून होते. गावाबाहेर सरकारी बीड होतं, म्हणजे गवताचं राखीव रान. संस्थान विलीन झालं आणि तिथल्या काळविटांना कुणी वाली उरला नाही. रान सुकलं की कळप शेजारच्या हरभऱ्यात शिरायचा. शेवटी तिथले पटेल, म्हणजे गावचे पाटील, चिडून बंदुकीच्या परवान्याचा अर्ज घेऊनच आले. दादांचे साहेब म्हणाले, दिवाळीनंतर स्वतः येतो… हरणं बीडात दिसली तर ठीक, नाहीतर परवाने देऊन टाकू.

दादांची झोपच उडाली. त्या कळपावर त्यांचा फार जीव होता.

आमच्या माळव्यात मारवाडातून मेंढपाळ येतात. शेतकरी त्यांचे कळप शेतात बसवून घेतात, लेंड्यांचं उत्तम खत मिळतं. दादांनी तेच बीडात करायचं ठरवलं. परवानगीचा कागद ग्वाल्हेरला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत पाठवला, तर उन्हाळ्यासाठी राजधानी इंदूरला गेलेली! कागद फिरत राहिला आणि माझ्या शिस्तीच्या दादांनी जन्मात पहिल्यांदा परवानगीशिवाय काम सुरू केलं.

शिस्त मात्र सुटेना. चुन्यानं चौकोन आखले, आज मेंढ्या इथे, उद्या तिथे. मेंढ्या आपल्या मनाला येईल तिथे बसायच्या. हीराजी मेंढपाळ हसून म्हणाला, “बाबूजी, भेड़ नक्शा नहीं पढ़ती.”

पण काय सांगू… पावसाळ्यात त्या जागी असं गवत माजलं की मी आत शिरले तर दिसेनाशी व्हायचे! दादांनी लगेच हुकूम काढला, हे हरणांचं आहे, विळा लावायचा नाही. दर वर्षी कार्तिकात कापणी व्हायची, ती बंद. गाववाले आणखीच भडकले.

आणि हरणं? एकही फिरकलं नाही. आम्ही दोघं रोज जाऊन बघायचो आणि तोंड पाडून परत यायचो.

पावसाआधी मारवाडला गेलेला हीराजी दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन परत आला. ते गवत बघून त्यानं कपाळावर हात मारला. “बाबूजी, हिरन पहले भागने की जगह देखता है, खाना बाद में. इतनी ऊँची घास में वो क्यों घुसेगा?”

दादांचा चेहरा पडला. एवढ्या मायेनं राखलेलं गवतच हरणांच्या वाटेत उभं होतं… पण ते अडून बसले नाहीत. त्याच दिवशी पटेलांकडे गेले, चूक कबूल केली आणि म्हणाले, कापा आणि घेऊन जा. सगळं गाव विळे घेऊन उतरलं. प्रत्येकाच्या डोक्यावर भारा! जिथे मेंढ्या बसल्या होत्या, तिथे जमिनीत अजून ओल होती, त्यामुळे कापलेल्या गवताला कोवळे फुटवे आले.

साहेबांची जीप आली त्या सकाळी मी दादांचा हात घट्ट धरला होता. आम्ही उभे होतो त्या चढावर गाडी थांबली… आणि समोर हरणंच हरणं! मधे काळा कुळकुळीत नर, मान वर करून उभा.

जीपचं इंजिन घरघरत होतं. तेवढ्यात आमच्या मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “साब, गाड़ी बंद करवाओ… चरने दो बेचारों को.”

वळून बघितलं तर पटेल! बंदूक मागायला आलेले तेच.

अर्ज त्यांनी स्वतःच मागे घेतला. पुढे मध्य भारतही मध्य प्रदेशात विलीन झालं, ऑफिस भोपाळला हललं आणि परवानगीचा तो कागद शेवटपर्यंत आलाच नाही. त्यामुळे दादांनी काय केलं हे कुठल्याच फायलीत नाही… म्हणून आज इथे लिहून ठेवतेय. दादा, मी पाहिलंय सगळं.