घरात बसवलेल्या म्हाताऱ्या

अकोल्यातलं माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान मी डोक्यावर टोपली घेऊन फिरण्यापासून उभं केलं. डझनभर चमचे घेतले तरी मी पक्कं बिल मागते. ठोक व्यापारी मला पाहिलं की आधी चहा मागवतात, कारण माझ्याशी बोलणं लांबतं हे त्यांना माहीत आहे. अशी मी, पण भावाच्या कागदावर एक ओळही लिहून न घेता सही करून बसले. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

माझं माहेर यवतमाळच्या पलीकडे, कोळशाच्या पट्ट्यात. उघडी खाण सरकत सरकत आमच्या शेतापर्यंत आली. जमीन गेली की एका घरामागे खाण कंपनीत एक नोकरी मिळणार होती. वडलांनंतर सातबाऱ्यावर भावाइतकंच माझंही नाव होतं. भाऊबीजेला भाऊ आला, तेव्हा साडीच्या पिशवीतच नोकरीच्या संमतीचा कागद होता. ओवाळून झाल्यावर म्हणाला, "बाई, एक सही पायजे व्हती. नोकरी एकालेच भेटते. तुले काही हरकत नाही न?"

आमच्याकडे लेकीनं हिस्सा मागितला की तिचं माहेर तुटतं. साडीचोळी घ्यायची आणि सही द्यायची. मी एवढंच विचारलं, "मायले सांभाळशील न?"

"हे काय इचारणं झालं, बाई?"

तोंडचा शब्द. मी तो घेतला.

भावाला नोकरी लागली, बायकोमुलांसह तो कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेला. माय गावातच राहिली. मला वाटलं, तिलाच गाव सुटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी गेले, तेव्हा खरं काय ते कळलं. पुनर्वसनाच्या मोजणीला माणसं येतील तेव्हा घरात राहतं माणूस दिसलं पाहिजे, नाहीतर नव्या गावातला प्लॉट मिळत नाही. म्हणून नोकरीवाले सगळे निघून गेले होते आणि घराघरात एकेक म्हातारी बसवून ठेवली होती, ताब्याचा पुरावा म्हणून. विहिरी आटलेल्या. टँकर आला तर पाणी. रोज दुपारी सुरुंगाचा भोंगा वाजला की या म्हाताऱ्या भिंतींपासून दूर, अंगणात येऊन बसायच्या. आमच्या शेतात निंदायला येणाऱ्या बाया तर कुठल्याच यादीत नव्हत्या. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून कागदाच्या हिशेबी त्यांचं काही गेलंच नाही. त्यांचं काम गेलं ते कोणत्या रकान्यात लिहायचं, हे मी खाणीच्या कचेरीत विचारलं. तिथला बाबू पंख्याकडे पाहत राहिला.

मी भावाला बोलावून घेतलं. "मायले क्वार्टरवर ने."

"मोजणी होऊ दे न, बाई. दोन-चार महिन्याची गोष्ट हाये."

"भिंत पडली त?"

"तू दुकानात बसल्यासारखी बोलून राहिली."

"त्या दिवशी दुकानात बसली असती त तुले सही भेटली नसती."

माय मध्ये पडली. "कावून भांडून राहिले? मीच नाही जात कुठं. मी निंगाली त घर खाली दिसन. मंग प्लाट जाते त्याचा."

त्याचा. चाळीस वर्षं ते अंगण तिनं सारवलं, आणि प्लॉट त्याचा. मी भावाला सांगितलं, प्लॉट मायच्या नावानं कर. तो म्हणाला, म्हातारीच्या नावानं करून काय फायदा, उद्या पुन्हा वारसाचे कागद करावे लागतील. मायसमोर म्हणाला. मायनं मान हलवली, जशी काही दुसऱ्याच म्हातारीची गोष्ट चालली होती.

मी नवऱ्याला फोन केला. म्हटलं, गाडी घेऊन ये, दुकानाला कुलूप लाव. मायला सांगितलं, "घरात माणूसच दिसाले पायजे न? मी बसतो. तू अकोल्याले जाय." घर रिकामं राहत नाही म्हटल्यावर तिनं गाठोडं बांधलं. ती गेली. मी त्या घरात टँकरच्या पाण्यावर दिवस काढले आणि भोंगा वाजला की बाकीच्या म्हाताऱ्यांसोबत अंगणात बसले.

मोजणीवाला आला. "घरात कोण राहते?"

"मी."

"तुम्ही त अकोल्याच्या म्हणते लोक."

"वारस हाव. चूल माह्या हातानं पेटून राहिली, पाहून घ्या."

त्यानं पाहिलं आणि ताब्याच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, म्हणजे प्लॉटही माझ्याच नावानं. या वेळी मी पोच घेतल्याशिवाय त्याला उठू दिलं नाही.

भावानं गावभर सांगितलं की बहिणीनं दगा दिला. माझ्याशी तो बोलत नाही. मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते मायचं. ती माझ्याच घरात राहते, माझ्याच हातचं जेवते, आणि शेजारणीला सांगते की पोरीनं पोराच्या तोंडचा घास काढला.

प्लॉट मी उद्या तिच्या नावानं करायला तयार आहे. तिनं फक्त माझ्याकडे मागायचा. ती मागत नाही. फोनवर ती भावाला म्हणते, "धीर धर, मी समजावतो तिले."