त्याची साक्ष

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. मुरुडपासून थोड्या अंतरावर, नारळाच्या वाडीला लागून पत्र्याचा एक हॉल आहे, तिथे रविवारी पस्तीस-चाळीस माणसं जमतात. भक्तीच्या आधी तासभर मी मुलांचा वर्ग घेते. सतरा वर्षं घेतेय. वधस्तंभावरच्या चोराची गोष्ट मी फार आवडीनं सांगायची. आयुष्यभर चोऱ्या केल्या, कुठला नेम पाळला नाही, कोणाचं भलं केलं नाही; शेवटच्या घटकेला येशूकडे वळून एवढंच म्हणाला, माझी आठवण ठेव. त्याला स्वर्ग मिळाला.

"मग तारण कशानं होतं?" मी विचारायची.

"विश्वासानं," मुलं एका सुरात सांगायची.

"चांगल्या कामांनी?"

"नाही."

हे शिकवताना मला कधी काही खुपलं नाही. त्या चोरानं माझं काही नेलेलं नव्हतं.

माझा नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता. त्याचं घर बौद्ध. लग्नानंतर काही वर्षांनी तो माझ्याबरोबर मंडळीत यायला लागला. सासऱ्यांनी थोडे दिवस अबोला धरला, मग तोही सोडून दिला. नऊ वर्षांपूर्वी शाळेतून घरी येताना घाटीच्या वळणावर एका टेम्पोनं त्याच्या स्कूटरला उडवलं. भर दुपार होती. टेम्पो पळून गेला. तासाभरानं मासळी विकून परतणाऱ्या बायकांना नवरा रस्त्याच्या कडेला सापडला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचले असते. 

टेम्पोवाला पकडला गेला. कोर्टात म्हणाला, त्या दिवशी मी त्या रस्त्याला नव्हतोच. ज्यानं टेम्पो पाहिला होता त्यानं जबानी फिरवली. टेम्पोवाला सुटला.

गेल्या वर्षी एका रविवारी आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, आज एक नवा भाऊ साक्ष देणार आहे. आमच्यात साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांपुढे सांगणं. पुढे येऊन उभा राहिला तो तोच टेम्पोवाला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण कोर्टातल्या तारखा मी त्याच्या तोंडाकडे बघत काढल्या होत्या. मला चुकायचं कारण नव्हतं.

तो रडत बोलला. आधी दारूचं सांगितलं, बायकोला मारायचो ते सांगितलं. मग म्हणाला, "एका मास्तरांना मी उडवलं. थांबलो, खाली उतरलो. ते शुद्धीत होते. पाणी मागितलं त्यांनी. गाडीत बाटली होती. पण मला वाटलं, हे वाचले तर मला ओळखतील. मी निघून गेलो. प्रभूनं ते पाप धुऊन टाकलंय."

मागून कोणीतरी "हालेलुया" म्हणालं. मग सगळेच म्हणाले.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले होते की नवरा बेशुद्ध होता, त्याला काही कळलं नसेल.

मी उठून बाहेर आले. पाळकसाहेब मागोमाग आले. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसतात."

"मग नसते आले."

"बाई, आपण सगळे कृपेनंच तरलोय. तुम्हीच तर मुलांना शिकवता."

"शिकवते. पण मी कोणाला रस्त्यावर टाकून नाही आले."

 माझं बोलणं माझं मलाच ऐकू आलं. इतके रविवार, उपास, आजाऱ्यांच्या घरी पोचवलेली पेज, या सगळ्यामुळे देवाजवळ माझी जागा त्याच्यासारख्यांच्या वरची, असंच मी मनात धरून बसले होते. ते उमगलं, पण त्यानं राग काही कमी झाला नाही.

चार दिवसांनी तो घरी आला. पायरीशी उभा राहून म्हणाला, "ताई, देवानं माफ केलंय. तुमच्याकडून राहिलंय."

"देवाचं तू काय बिघडवलं होतंस?" मी विचारलं.

 मग मीच म्हटलं, "सासरे मागच्या वाडीत आहेत. ते तुझा देव मानत नाहीत. मंडळीत बोललास ते त्यांना सांग."

मला वाटलं, पळेल. पण तो वाडीत गेला. मी मागच्या दारात उभी राहून ऐकत होते. सासरे सुपाऱ्या सोलत बसले होते. त्यानं सगळं सांगितलं, या वेळी न रडता. प्रभूचं नावही काढलं नाही.

सासऱ्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. "त्यानं पानी मागितलं व्हतं?"

"व्हय."

"दुसरं काय बोलला?"

"न्हाय. पानीच."

 सासरे म्हणाले, "माफी माझ्याकडं न्हाय. ज्याच्याकडं व्हती त्याला तू टाकून गेलास. जा आता."

सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "तुमच्या देवाकडं मानसं लई लवकर सुटतात." 

पुढे त्याचा बाप्तिस्मा झाला. मी गेले नाही. महिनाभर वर्गही घेतला नाही. तेव्हा पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "तुमचा विश्वास डळमळलाय. आपण प्रार्थना करू."

"डळमळला असता तर बरं झालं असतं," मी म्हटलं. "त्याला माफी मिळाली हे खोटं वाटलं असतं, तर मी तुमची मंडळी सोडून मोकळी झाले असते. मिळालीय, हे मला माहीत आहे. राग त्याचाच आहे."

त्यांनी प्रार्थना न करताच चहा घेतला आणि ते गेले.

आता मी पुन्हा जाते. प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या आठवणीत सगळे एकाच भाकरीतलं खातात तेव्हा, तो माझ्या दोन बाकं पुढे असतो, बायकोशेजारी. ती आता हसते, पूर्वी तिला कोणी हसताना पाहिलं नव्हतं म्हणतात. भाकरीचं ताट त्याच्या हातून मागे येतं, मी त्यातला तुकडा उचलते आणि ताट शेजारी देते. मी त्याला माफ केलेलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलेलं नाही.