मधूला ऐकू न आलेली घरघर

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आपल्या ऑर्केस्ट्रातल्या माझ्या हवाईयन गिटारसाठी ॲम्प्लिफायर घ्यायला मी आज कल्याणला मधूकडे गेलेलो. मधू माझा शाळासोबती, रेडिओ दुरुस्त करतो. त्याच्याकडे व्हॉल्व्हचे दोन ॲम्प्लिफायर होते. एक विलायतेला परत गेलेल्या साहेबाचा, दुसरा त्याने स्वतः सहा महिने खपून बनवलेला.

बरोबर नेलेली गिटार मी आधी साहेबाच्या ॲम्प्लिफायरला जोडून वाजवली; त्याचा आवाज गोड होता. मग मधूने आपला लावला. मी तारेला हातही लावला नव्हता, तरी त्यातून मोठी घरघर येत होती.

"बघ, किती शांत आहे!" मधू अभिमानाने म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. पण तो हसत नव्हता. मी बोलताना तो माझ्या ओठांकडे टक लावून का पाहतो, हे मला तेव्हा कळलं.

"सुरेख झालाय रे," मी म्हटलं. "पण जड आहे. न्यायला साहेबाचाच बरा."

त्याचा चेहरा उतरला, तरी त्याने तो नीट बांधून दिला.

त्याची बायको दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "भावोजी, गिऱ्हाइकं तुटायला लागलीत. मला सांगवत नाही. वाटलं होतं, आज तुम्ही तरी सांगाल."

मी मान खाली घालून निघालो.

आत्ताच डॉक्टरला दाखवलं, तर कदाचित उपयोग होईल. उद्या परत जाऊन त्याला सांगणार आहे. पण माझ्या जागी तुम्ही पहिलं वाक्य काय बोलाल?