रोसाच्या जिभेवरचा डाग

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. तुला सांगतेय, तर मध्ये अडवू नकोस — थांबले तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

पुण्यात माझं दातांचं क्लिनिक होतं. ऑकलंडला आले तेव्हा इथली परीक्षा द्यायची होती, तोवर एका संस्थेत काम धरलं. शनिवारी ओटाहुहू या उपनगरातल्या एका हॉलमध्ये कोलंबियातून आलेली कुटुंबं जमायची, त्यांना दात कसे राखायचे ते सांगायचं. फक्त सांगायचं हं! परीक्षा पास होईपर्यंत कुणाच्या तोंडात डोकावायचं नाही, असा नियम. इतकी वर्षं दाढा काढलेल्या बाईच्या हातात प्लॅस्टिकचा जबडा दिला, तर तिचं डोकं ठिकाणावर राहील? माझं नाही राहिलं.

रोसा त्यांच्यातलीच. माझं इंग्रजी ती स्पॅनिशमध्ये करून सांगायची. मोठ्यानं हसायची, प्रत्येकाची चौकशी करायची. लोक यायचे ते तिच्यासाठी, माझ्यासाठी नाही. हे मला कळायचं — आणि झोंबायचं.

एकदा एका आईनं बाळाच्या बाटलीत गुळाचं पाणी भरलेलं दिसलं. त्यांच्याकडे तशी पद्धतच आहे. मी सगळ्यांदेखत तिला ताडताड बोलले. रोसानं त्यातला एक शब्द पुढे सांगितला नाही. उलट मलाच म्हणाली, "अशी ओरडलीस तर ती परत येणार नाही. तुमच्याकडे नाही देत पाहुण्यांना गूळ?" ज्यांना इंग्रजी कळत होतं ते हसले. माझा नुसता तिळपापड झाला. अगं, बरोबर होतं तिचं. म्हणूनच तर!

मग पोरांना जीभ घासून दाखवायला तिनं जीभ बाहेर काढली. कडेला एक डाग होता — लालसर, मध्ये पांढरा, जाड कडेचा. तसले डाग मी पुण्यात कितीतरी पाहिले होते. बघताक्षणी मला शंका आली.

आणि मी गप्प बसले.

नियम होता म्हणून? तशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. पण "एकदा डेंटिस्टला दाखव" एवढं म्हणायला कुठला नियम आडवा येत होता? मनात आलं ते हे — एवढं सगळं कळतं ना तुला, मग बघ की तुझं तू. हो, हेच आलं. पुढच्या शनिवारपर्यंत राग उतरला. पण आता सांगितलं तर ती विचारणार, तेव्हाच का नाही बोललीस? म्हणून तोही शनिवार गेला. मग पुढचा. असा सगळा उन्हाळा गेला.

जेवताना दुखायला लागलं तेव्हा ती आपणहून गेली. कॅन्सर निघाला. जिभेचा बराच भाग काढावा लागला. आधी आली असतीस तर थोडक्यात निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले — हे तिनंच मला लिहून दाखवलं, मी मऊ खिचडी घेऊन गेले होते तेव्हा. मी मान खाली घालून डबा उघडत राहिले.

आता मी परीक्षा पास होऊन पापाटोएटोला प्रॅक्टिस करते, पण शनिवार चुकवत नाही. रोसाही येते. शब्द अडकतात तिचे, स्पॅनिशसुद्धा. लोक थांबतात. नवीन कुटुंब आलं की माझा दंड धरून मला पुढे करते आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत सांगते — हिला तोंड दाखवा, हिच्या नजरेतून काही सुटत नाही.

खरं आहे तिचं. तो डागही सुटला नव्हता.